करी कप २०२५ चा हंगाम : कसा बघावा, कुठे खिळवतो, कुठे फसतो

२० सप्टेंबर २०२५ ला जोहान्सबर्गच्या एलिस पार्कवर ग्रिक्वाजने लायन्सला २७-२५ असं हरवलं आणि करी कप ५५ वर्षांनी त्यांच्या गावी, किम्बर्लीला गेला. निकाल लागला तो ग्रिक्वाजच्या जॉर्ज व्हाइटहेडच्या अखेरच्या पेनल्टीवर, म्हणजे समोरच्यांच्या चुकीबद्दल मिळालेल्या किकवर. बातमी एवढीच. दक्षिण आफ्रिकेच्या प्रांतीय रग्बीचा हा अख्खा हंगाम वेळ काढून बघण्याजोगा आहे का, हा प्रश्न वेगळा. उत्तर होकारार्थी आहे. मात्र नावाजलेले खेळाडू बघायला म्हणून बसाल, तर तिसऱ्याच सामन्याला जांभया यायला लागतील.

नावाचं आधी उरकून टाकू. यातल्या ‘करी’चा रश्श्याशी काही संबंध नाही. सर डोनाल्ड करी हे कॅसल जहाज कंपनीचे सर्वेसर्वा. १८९१ मध्ये ब्रिटिश बेटांचा रग्बी संघ दक्षिण आफ्रिकेला निघाला, तेव्हा त्यांनी त्या संघाच्या हाती एक कप दिला आणि सांगितलं, जो स्थानिक संघ तुमच्याशी सर्वांत चांगली झुंज देईल त्याला हा द्या. तो मिळाला ग्रिक्वालँड वेस्टला, म्हणजे आजच्या ग्रिक्वाजना. त्यांनी तो पुढे रग्बी मंडळाकडे सोपवला. १८९२ मध्ये किम्बर्लीतच पहिली करी कप स्पर्धा झाली आणि ती वेस्टर्न प्रॉव्हिन्सने जिंकली. म्हणजे कप पहिल्यांदा ज्यांच्या घरी आला, त्यांनी तो स्पर्धा म्हणून जिंकला फक्त चार वेळा : १८९९, १९११, १९७० आणि आता २०२५. वेस्टर्न प्रॉव्हिन्सची विजेतेपदं तिसाच्या वर आहेत. ग्रिक्वाजच्या विजयाचं वजन कळायला एवढा इतिहास पुरतो.

आता रचना. प्रीमियर डिव्हिजनमध्ये आठ संघ : डर्बनचे शार्क्स, जोहान्सबर्गचे लायन्स, प्रिटोरियाचे बुल्स, केप टाउनचा वेस्टर्न प्रॉव्हिन्स, ब्लूमफाँटेनचे चीताज, किम्बर्लीचे ग्रिक्वाज, म्बोम्बेलाचे (जुनं नाव नेलस्प्रुट) पुमाज आणि खालच्या गटातून वर आलेला बोलँड. प्रत्येकाने प्रत्येकाशी एकदाच खेळायचं. साखळीत २८ सामने, मग पहिल्या चौघांच्या दोन उपांत्य लढती आणि फायनल, मिळून ३१. जुलैच्या शेवटच्या आठवड्यात सुरू, २० सप्टेंबरला खलास. सामने शोधताना एक लक्षात ठेवा, की संघांच्या नावाआधी प्रायोजक चिकटलेले असतात : टोयोटा चीताज, एअरलिंक पुमाज, सुझुकी ग्रिक्वाज, हॉलिवूडबेट्स शार्क्स. मैदानांची नावंही अशीच फिरतात. किम्बर्लीचं ग्रिक्वा पार्क काही वर्षं टाफेल लागर पार्क होतं. जुनं रेकॉर्डिंग शोधताना गाव आणि तारीख टाकावी, मैदानाच्या नावावर विसंबू नये.

साखळी एकेरी असणं, ही या हंगामाची सर्वांत मोठी खुबी आणि सर्वांत मोठी खोटही. सात सामने म्हणजे कुणाला चार घरच्या मैदानावर, कुणाला तीनच. ही असमानता कुठेच भरून निघत नाही, कारण परतीची लढत नाही. २०२३ मध्ये दुहेरी साखळी होती, प्रत्येकाला चौदा सामने. तेव्हा सुरुवातीला दोन सामने हातचे गेले तरी सावरायला वाव होता. इथे दोन हरलात की तिसऱ्यापासून बोनस गुणांची मोजणी सुरू.

ती मोजणी समजून घेतल्याशिवाय साखळीतले निर्णय कळत नाहीत. विजयाला ४ गुण, बरोबरीला २. चार किंवा जास्त ट्राय केले (चेंडू समोरच्यांच्या रेषेपलीकडे जमिनीला टेकवला) की १ बोनस, मग जिंका वा हरा. सात किंवा कमी गुणांच्या फरकाने हरलात तरी १ बोनस. समजा एका संघाने चार सामने जिंकले, पण एकदाही चार ट्राय झाले नाहीत आणि उरलेले तीन मोठ्या फरकाने गेले. त्याचे झाले १६. दुसऱ्याने तीनच जिंकले, तिन्ही चार ट्रायसह, आणि चार हरले ते सगळे सातच्या आत. त्याचे पंधरा अधिक चार, म्हणजे १९. एक विजय कमी असूनही तो तीन गुणांनी वर. म्हणून साखळीत गोलपोस्टसमोर पेनल्टी मिळूनही कर्णधार तीन गुण न घेता चेंडू कोपऱ्यात मारतो, तेव्हा ‘हा काय वेडेपणा’ म्हणू नका. त्याला चौथा ट्राय हवा असतो. हाच कर्णधार फायनलमध्ये त्याच जागेवरून निमूट खांबांकडे बोट दाखवतो, कारण तिथे बोनसला किंमत शून्य. साखळी आणि बाद फेरी हे जवळजवळ दोन वेगळे खेळ वाटतात ते यामुळे.

अंगावर जर्सी कुणाची आहे यापेक्षा जर्सीतले पंधरा जण किती महिने एकत्र आहेत, हे जास्त मोलाचं ठरतं. करी कपचं सगळं गणित इथे आहे. बुल्स, लायन्स, शार्क्स आणि वेस्टर्न प्रॉव्हिन्सच्या छत्राखालचे स्टॉर्मर्स हे चौघे युनायटेड रग्बी चॅम्पियनशिपमध्ये खेळतात. ती स्पर्धा आयर्लंड, वेल्स, स्कॉटलंड आणि इटलीच्या संघांसोबतची, पैशाची आणि प्रतिष्ठेची. ती जूनमध्ये संपते. त्यानंतर मोठे खेळाडू विश्रांतीवर जातात, त्यांतले स्प्रिंगबॉक्स राष्ट्रीय संघाकडे, रग्बी चॅम्पियनशिप या देशादेशांमधल्या स्पर्धेसाठी. करी कपला उरतात विशीतली पोरं, दुखापतीतून परतणारे आणि करार टिकवायला धडपडणारे. ही माणसं हलकी नसतात. अडचण अशी, की या आठवड्याचा हुकर (कडेवरून चेंडू फेकणारा) पुढच्या आठवड्यात असेलच असं नाही. त्यात फायनल २० सप्टेंबरला आणि युनायटेड चॅम्पियनशिपचा नवा हंगाम २६ सप्टेंबरला. मुख्य प्रशिक्षकाचं एक पाऊल कायम तिकडे. ग्रिक्वाज, पुमाज, चीताज आणि बोलँड यांना ती स्पर्धा नाहीच. त्यांच्यासाठी करी कप हाच वर्षाचा कळस, आणि तोवर हीच मंडळी एसए कप या देशांतर्गत स्पर्धेत एकत्र खेळून आलेली असतात.

याचा परिणाम सर्वांत आधी दिसतो लाइनआउटमध्ये. सामान्य प्रेक्षक ट्रायकडे बघतो, जाणकाराने इथे बघावं. चेंडू बाहेर गेला की हुकर कडेवरून फेकतो, पाच आणि पंधरा मीटरच्या रेषांमध्ये दोन्ही संघ रांगेत उभे. सांकेतिक हाक येते, दोघे जण तिसऱ्याला उचलतात आणि चेंडू त्याच्या हाताच्या सर्वोच्च बिंदूला पोचायला हवा. अर्धा क्षण आधी फेकला तर उडी अपुरी, अर्धा क्षण उशीर झाला तर उडी मारणारा खाली यायला लागलेला. ही वेळ सरावाने येते, आणि सराव त्याच माणसांसोबत लागतो. नवा हुकर आणि नवा लॉक (बहुधा तोच उडी मारतो) असले की प्रतिस्पर्ध्याच्या रेषेपासून पाच मीटरवरचा फेका हमखास वाया जातो. तिथे गेलेला फेका म्हणजे साधा चेंडू गेला असं नाही, होऊ घातलेले सात गुण गेले. त्याउलट जमलेली जोडी चेंडू पकडून खाली आणते, बाकीचे भोवती बांधले जातात, मॉल तयार होतो आणि आठ माणसांचा तो गोळा रेषेकडे सरकू लागतो. बचाव करणाऱ्यांनी तो बेकायदा पाडला आणि होऊ घातलेला ट्राय त्यामुळे हुकला असं रेफरीला वाटलं, तर पेनल्टी ट्राय, थेट सात गुण, कन्व्हर्जन (ट्रायनंतरची दोन गुणांची किक) मारायचीही गरज नाही, आणि वर बहुधा पिवळं कार्ड.

स्क्रमचं, म्हणजे दोन्हीकडचे आठ-आठ जण एकमेकांना भिडून ढकलतात त्याचं, तसंच. इथे वजनापेक्षा बांधणी महत्त्वाची. कबड्डीत साखळीतला एकच हात सुटला की चढाईवाला निसटतो, तसं पहिल्या ओळीतल्या एका प्रॉपची (हुकरच्या बाजूला उभ्या खेळाडूची) पकड घसरली की सगळे आठ जण वाकडे होतात. दर वेळी रेफरी शिट्टी का वाजवतो हे नव्या प्रेक्षकाला कळत नाही. सोपी खूण : कुणाचं कोपर जमिनीकडे झुकतंय आणि कोण सरळ न ढकलता तिरका आत घुसतोय, ते बघा. तीन-चार वेळा शिट्टी एकाच बाजूवर वाजली की पुढे कार्ड येणार, हे आधीच ओळखता येतं. २३ जणांच्या चमूत पहिल्या ओळीचे तीन राखीव असतात, आणि पन्नासाव्या-पंचावन्नाव्या मिनिटाला ते तिघे एकदम आत येतात. छोट्या संघांचे सामने बऱ्याचदा इथून फिरतात, कधी बाजूने, कधी विरुद्ध. मोठ्या युनियनकडे (प्रांतीय रग्बी संघटनेकडे) तालमीत वाढलेले तरणे प्रॉप रांगेने उभे. छोट्यांकडे पहिले तीन पोलादी असतात आणि राखीव जेमतेम.

छोट्यांचं हे सगळं कौतुक भावनेपोटी नाही, निकालच तसे आहेत. २०२२ मध्ये पुमाजनी किम्बर्लीत ग्रिक्वाजना २६-१९ हरवून पहिलं विजेतेपद घेतलं. २०२३ मध्ये चीताजनी ब्लूमफाँटेनमध्ये पुमाजना २५-१७ हरवलं. २०२४ ला शार्क्स, २०२५ ला ग्रिक्वाज. चार वर्षांत तीन विजेते युनायटेड चॅम्पियनशिपबाहेरचे. फायनलला पोचलेल्या आठ जागांपैकी पाच त्यांच्या. २०२२ आणि २०२३ बद्दल मोठ्यांकडे सबब होती : तेव्हा दोन्ही स्पर्धा वर्षाच्या पहिल्या सहा महिन्यांत समांतर चालायच्या आणि चांगला चमू तिकडे गुंतलेला असायचा. २०२४ पासून करी कप जुलैत आला आणि ती सबब बरीचशी पातळ झाली. तरी ग्रिक्वाजनी लायन्सच्या घरात जाऊन कप उचलला. प्रशिक्षक पीटर बर्ग यांनी घडवलेल्या या संघाला ‘मोठे नव्हते म्हणून जिंकले’ म्हणणं अन्यायाचं होईल.

लायन्सबद्दल मात्र हळहळ वाटते. २०२४ ची फायनलही एलिस पार्कवरच होती, समोर शार्क्स. हूटर वाजून गेल्यावर जॉर्डन हेंड्रिक्सेने दूरवरून पेनल्टी मारली आणि १६-१४. तो त्याच वर्षी लायन्स सोडून शार्क्सकडे गेला होता. पुढच्या वर्षी तेच मैदान, तोच यजमान, पुन्हा शेवटची पेनल्टी. दोन फायनल मिळून चार गुणांनी हुकल्या. लायन्सचं शेवटचं विजेतेपद २०१५ चं, त्या हंगामात ते एकही सामना हरले नव्हते.

हूटरनंतरची पेनल्टी कशी, असा प्रश्न नव्या प्रेक्षकाला पडतो. ८० मिनिटं झाली की भोंगा वाजतो, पण चेंडू चालू असेल तर खेळ थांबत नाही. तो बाहेर गेला, हातून पुढे सुटला किंवा गुण झाले, की संपला. मात्र त्याच दरम्यान पेनल्टी मिळाली, तर ती घेऊ द्यावीच लागते. म्हणून दोन गुणांनी पुढे असलेला संघ अखेरच्या मिनिटात अगदी जपून, दोन-दोन मीटर, चेंडू माणसामाणसात फिरवत ठेवतो. या डावपेचात धोका रकच्या वेळी, म्हणजे जमिनीवरच्या चेंडूवर दोन्ही बाजू झटतात तेव्हा. आधाराला येणारा पायावर न राहता पडला, किंवा बाजूने घुसला, की शिट्टी. आणि रग्बीत शेवटच्या मिनिटाची शिट्टी म्हणजे तीन गुणांचा प्रश्न, जर अंतर किकरच्या आवाक्यात असेल तर.

इथे जोहान्सबर्गचा भूगोल मध्ये येतो. एलिस पार्क समुद्रसपाटीपासून सुमारे १७५० मीटर उंचीवर. हवा विरळ, चेंडूला अडथळा कमी, त्यामुळे डर्बनला क्रॉसबारखाली पडणारी किक इथे वरून जाते. मध्यरेषेजवळची पेनल्टी इथे केवळ नशीब आजमावणं नसते. पण हीच हवा पाहुण्यांना गोत्यातही आणते. ५०:२२ चा नियम घ्या : आपल्या अर्ध्यातून मारलेला चेंडू मैदानात टप्पा घेऊन प्रतिस्पर्ध्याच्या २२ मीटर पट्ट्यात बाहेर गेला, तर फेका मारणाऱ्यालाच मिळतो. किनाऱ्यावरच्या सवयीने तेवढीच ताकद लावली की चेंडू टप्पा न घेताच बाहेर जातो, आणि मग लाइनआउट जिथून मारला तिथे, तोही समोरच्यांच्या फेक्याने. पन्नास मीटरच्या फायद्याऐवजी शून्य. डर्बन किंवा केप टाउनचे संघ हायवेल्डवर, म्हणजे या उंच पठारावर, खेळताना पहिली वीस मिनिटं त्यांच्या फ्लाय-हाफचे (बहुतेक किक मारणाऱ्याचे) पाय बघावेत. शेवटची वीस मिनिटं त्यांच्या फुफ्फुसांची.

हवामानाचीही दोन टोकं. जुलै ते सप्टेंबर हा तिथला हिवाळा आणि सरता हिवाळा. जोहान्सबर्ग, प्रिटोरिया, ब्लूमफाँटेन या भागात पाऊस उन्हाळ्यात पडतो, म्हणून हिवाळ्यात मैदान कोरडं आणि टणक. चेंडू उसळतो, हातात बसतो, कडेचे विंग मोकळे धावतात. केपमध्ये उलट, तिथला पावसाळा म्हणजेच हिवाळा. केप टाउन किंवा बोलँडच्या वेलिंग्टनला चेंडू साबणासारखा निसटतो, आणि सामना मॉल, स्क्रम व उंच किकवर येतो. गुणफलक बघून ‘हा सामना रटाळ असेल’ असं ठरवण्याआधी गाव बघा. वेलिंग्टनच्या चिखलातला कमी गुणांचा सामना ब्लूमफाँटेनच्या धावपळीइतकाच चांगला असू शकतो, फक्त त्यात बघायच्या गोष्टी वेगळ्या.

प्रक्षेपणाबद्दल थोडक्यात. दक्षिण आफ्रिकेत हक्क सुपरस्पोर्ट वाहिनीकडे. कॅमेरे, रिप्ले, टीएमओचे (व्हिडिओ बघून मदत करणाऱ्या पंचाचे) कोन व्यवस्थित. समालोचन इंग्रजीत असतं, आफ्रिकान्समध्येही. जाता जाता एक तक्रार : एलिस पार्क किंवा प्रिटोरियाच्या लॉफ्टससारखी अवाढव्य मैदानं साखळी सामन्यांना बहुतांशी रिकामी दिसतात. १९९५ ची विश्वचषक फायनल जिथे झाली, त्या एलिस पार्कवर आवाज घुमत राहतो. किम्बर्लीचं आटोपशीर मैदान पडद्यावर कितीतरी जिवंत दिसतं. म्बोम्बेलाचं स्टेडियम २०१० च्या फुटबॉल विश्वचषकासाठी बांधलेलं, छताचे खांब जिराफाच्या आकाराचे. सामना कंटाळवाणा झाला तर निदान ते बघता येतात.

गुण द्यायचेच तर : खेळाच्या दर्जाला पाचपैकी साडेतीन, चुरशीला साडेचार, रचनेला अडीच. रचनेचे गुण कापले ते एकेरी साखळी आणि घर-पाहुणे असमतोल यांमुळे. शिवाय आठवडाभरात मोठी स्पर्धा सुरू होणार असताना फायनल ठेवायची, हे आपल्याच मालाचा भाव पाडण्यासारखं आहे. अजून एक दुखणं रचनेतलं नाही, पैशातलं आहे : छोट्या संघात चमकलेला खेळाडू दुसऱ्या वर्षी मोठ्या युनियनच्या जर्सीत दिसतो. त्यामुळे एका हंगामात बसलेली घडी पुढच्या हंगामात नव्याने घालावी लागते. पुमाजचा २०२२ चा विजय आणि ग्रिक्वाजचा २०२५ चा, दोन्हीकडे प्रशिक्षकाने काय केलं याचं मोल यामुळेच जास्त.

रेकॉर्डिंगवरून बघणार असाल तर क्रम असा ठेवा. प्रथम २०२४ ची फायनल, लगेच २०२५ ची, म्हणजे एलिस पार्कच्या त्या दोन शेवटच्या किक एका दमात होतील. मग मागे जाऊन २०२२ ची किम्बर्लीची फायनल : ग्रिक्वाज घरच्या मैदानावर, घरच्या प्रेक्षकांसमोर हरले ती. त्यानंतर २०२५ ची साखळी, आणि ती बघताना ग्रिक्वाजचे सगळे सामने, बाकीच्यांचे निवडक. प्रत्येक सामन्यात निदान एकदा, पंचावन्नाव्या मिनिटाला राखीव आत आल्यावर, रिप्ले थांबवून पहिल्या ओळीची नावं बघा आणि आधीच्या सामन्यातल्या नावांशी ताडून पाहा. ग्रिक्वाजकडे ती किती जुळतात आणि समोरच्यांकडे किती, याचा हिशोब कागदावर ठेवला तर फायनलचा निकाल तितकासा अनपेक्षित वाटणार नाही.